चेंबर म्युझिकच्या मालिकेसाठी वादक निवडताना आणि सांभाळताना

चेंबर म्युझिकच्या, म्हणजे मोजक्या वादकांनी मिळून वाजवायच्या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या, मैफलींची एखादी जुनी मालिका चालवायची जबाबदारी तुमच्याकडे आली असेल, तर सगळ्यात आधी नोंदवही मागून घ्या. कोणी, कधी, काय वाजवलं याची नोंदवही. ती कुणी ठेवली नसेल तर जुन्या कार्यक्रमपत्रिका गोळा करून स्वतः तयार करा. नवीन कोणाला बोलवायचं हा विचार त्यानंतर.

अशाच एका मालिकेत मी बरीच वर्षं वादक निवडते आणि मैफलीच्या दिवशी त्यांची सगळी व्यवस्था बघते. स्वतः हौसेने व्हायोला वाजवते, म्हणजे व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य. या कामातून माझं एक ठाम मत झालं आहे: मालिका उभी राहते ती दुसऱ्या आमंत्रणावर. एकदाच येऊन गेलेलं मोठं नाव पत्रिकेत शोभून दिसतं. पण दोन-तीन वर्षांनी पुन्हा येणारा, मग आणखी काही वर्षांनी पुन्हा येणारा क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो असा चौघांचा गट; त्यांच्यासाठी लिहिलेल्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात) श्रोत्यांचे कान तयार करतो, आणि असे श्रोते समोर आहेत हे कळलं की वादकही तिथे जास्त धाडसाने वाजवतात. खाली जे काही लिहिलं आहे ते सगळं हे दुसरं आमंत्रण देता यावं आणि समोरच्याने ते आनंदाने घ्यावं यासाठी आहे.

ज्या मालिका खरोखर टिकल्या त्यांचा इतिहास हेच सांगतो. इग्नाझ शुपान्झिगने 1804-05च्या सुमारास व्हिएन्नामध्ये वर्गणीदार श्रोत्यांसाठी क्वार्टेटच्या मैफली सुरू केल्या. वीस वर्षांनी बीथोवनच्या शेवटच्या क्वार्टेट-रचनांपैकी काही पहिल्यांदा लोकांसमोर आल्या त्या त्याच्याच गटाकडून. लंडनमध्ये 1887 साली साउथ प्लेस संस्थेने सुरू केलेल्या रविवारच्या मैफली पुढे कॉन्वे हॉलमध्ये गेल्या आणि तिथे आजही होतात. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बुडापेस्ट क्वार्टेट 1962पर्यंत दोन दशकं वाजवत राहिला, तेही ग्रंथालयाच्याच संग्रहातल्या स्ट्रॅडिव्हेरियस या दुर्मिळ, जुन्या इटालियन वाद्यांवर. चौघांपैकी तिघं तेच, तोच पाचेकशे खुर्च्यांचा हॉल आणि बरेचसे तेच श्रोते.

निवड करताना

रेकॉर्डिंगवरून वादक ठरवू नका. त्यावरून इतकंच कळतं की त्यांना कोणत्या संगीताची ओढ आहे, आणि तेवढ्यापुरतं ते जरूर ऐका. मग प्रत्यक्ष मैफलीला जा. बसताना मधली जागा सोडा. कडेला, पुढून तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा, जिथून दुसरं व्हायोलिन आणि व्हायोला वाजवणाऱ्यांचे चेहरे दिसतील. पहिल्या व्हायोलिनकडे सगळेच बघतात. क्वार्टेटची खरी पारख मधल्या दोघांवरून होते.

काय बघायचं? पहिल्या व्हायोलिनची एखादी सुरावट दुसऱ्याकडे जाते तेव्हा तो ती कशी उचलतो ते बघा. बोचा, म्हणजे वाद्याच्या गजाचा, वेग तोच आहे का, बो तारेवर त्याच जागी आहे का, की तिथे अचानक रंग बदलतो? चेलो खालचा सूर लांबवतो तेव्हा बाकीचे आपापले सूर त्यावर बसवून घेतात का? संथ मूव्हमेंटची, म्हणजे रचनेतल्या संथ भागाची, सुरुवात तर डोळ्यांत तेल घालून बघा. चौघांचे बो एकदम तारेवर टेकतात, की एक जण आधी निघतो आणि तिघं त्याच्या मागून येतात? आणि मैफलीत एखादी खुंटी सैल झाली, कुणाचं पान चुकलं, तर त्या क्षणी बाकीचे तिघं काय करतात, हे तर फार मोलाचं. चांगल्या गटात कुणीही दचकत नाही. जो तो अर्ध्या मात्रेत सावरून घेतो आणि ज्याची अडचण झाली त्याच्याकडे रोखून बघत नाही. असा गट दिसला की मी दुसऱ्या दिवशीच पत्र लिहिते.

कायमचा गट आणि तेवढ्यापुरता जमलेला गट यांत फरक करायला शिका. मेंडेल्सनच्या आठ वादकांच्या ऑक्टेटसाठी, किंवा शूबर्टच्या पाच वादकांच्या ‘ट्राउट’ क्विंटेटसाठी, ज्यात डबल बास लागतो, एकेकटे उत्तम वादक एकत्र आणले तर सुंदर होतं. काही दिवसांची तालीम पुरते आणि पहिल्या भेटीचा ताजेपणा ऐकणाऱ्यालाही जाणवतो. अनुभवी आणि तरुण वादकांना शेजारी शेजारी बसवण्याची अमेरिकेतल्या मार्लबरो संगीत महोत्सवाची पद्धत 1951पासून चालत आली आहे ती याच बळावर. पण बीथोवनचं ओपस 131 (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनेचा क्रमांक; हा एक क्वार्टेट आहे) किंवा बार्टोकचा कुठलाही क्वार्टेट अशा गटाकडून मागू नका. तिथे वर्षानुवर्षं एकमेकांचा श्वास ओळखणारी माणसं लागतात. नावं कितीही मोठी असली तरी चार दिवसांत ते जुळत नाही.

तरुण गटांबद्दल एवढंच सांगते. त्यांना ‘नवोदितांसाठी’ म्हणून वेगळी, लहान, दुपारची जागा देऊ नका. मुख्य मालिकेत, इतरांच्या बरोबरीने, पूर्ण लांबीची संध्याकाळ द्या. ज्याला तुम्ही पहिली पूर्ण संध्याकाळ दिली, तो नाव झाल्यावरही तुमच्या पत्राला आधी उत्तर देतो.

काय वाजवायचं ते ठरवताना

बहुतेक गटांकडे त्या हंगामाचे दोन-तीन तयार कार्यक्रम असतात आणि एजंट तेच पाठवून देतो. ते नाकारू नका, पण लगेच होही म्हणू नका. सोबत आपल्या मालिकेच्या गेल्या चार-पाच वर्षांतल्या रचनांची यादी पाठवा आणि सरळ विचारा: यात नसलेलं, तुम्हाला मनापासून वाजवायचं असलेलं, पण कुणी मागत नाही असं काय आहे? या एका प्रश्नाने मला जितके चांगले कार्यक्रम मिळाले, तितके दुसऱ्या कशाने मिळाले नाहीत. वादकांच्या मनात अशी एखादी रचना असतेच. हायडनचं ओपस 20 मागितलं की काही जणांचा सूरच बदलतो.

मग वेळेचं गणित मांडा. प्रत्यक्ष संगीत सव्वा ते दीड तासाच्या आत असलं की संध्याकाळ नीट बसते. द्वोर्झाकचा ‘अमेरिकन’ क्वार्टेट साधारण पंचवीस मिनिटं, शोस्टाकोविचचा आठवा क्वार्टेट वीस, शूमानचा पियानो क्विंटेट तीस, बीथोवनचं ओपस 131 चाळीस, शूबर्टचा दोन चेलोंचा क्विंटेट पन्नासच्या वर. पुनरावृत्ती घेणार का, हे विचारून ठेवा. पहिल्या मूव्हमेंटमधली पुनरावृत्ती घेतली की काही मिनिटं सहज वाढतात.

काही रचना आपली जागा आणि आपले नियम घेऊनच येतात. ओपस 131च्या सात मूव्हमेंट न थांबता वाजतात, त्यामुळे मध्ये वाद्यं जुळवायला मोकळा वेळ मिळत नाही आणि उशिरा आलेल्यांना आत सोडता येत नाही. ती मध्यंतरानंतरच ठेवा. ओपस 130 असेल तर शेवट कोणता, ‘ग्रोस फुगे’ की बीथोवनने नंतर लिहिलेला दुसरा, हे पत्रिका छापायच्या आधी विचारा. दोन्हींत संध्याकाळचा सगळा तोल वेगळा होतो. हायडनच्या ओपस 33 क्रमांक 2च्या शेवटी संगीत संपल्यासारखं वाटतं आणि पुन्हा सुरू होतं. तिथे टाळ्या आधी पडणार, आणि पडाव्यात म्हणूनच हायडनने तसं लिहिलं आहे. हॉलमधल्या दिव्यांवर बसलेल्या माणसाला मात्र हे आधी सांगा, नाहीतर पहिल्याच थांब्याला दिवे लागतात. शोस्टाकोविचच्या पंधराव्या क्वार्टेटमध्ये सहाच्या सहा मूव्हमेंट अदाजिओ, म्हणजे संथ लयीच्या, आहेत. त्यानंतर काहीही वाजवायला लावू नका, आणि ज्येष्ठ वर्गणीदारांनी कितीही आग्रह केला तरी ‘आणखी एक’ म्हणून वादकांच्या मागे लागू नका.

वाद्यांचा हिशोबही कार्यक्रम ठरवतानाच करा. मेसियाँचा ‘काळाच्या अंतासाठी क्वार्टेट’ 1941मध्ये युद्धकैद्यांच्या छावणीत पहिल्यांदा वाजला. त्याला क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो लागतात. एवढी माणसं येणारच असतील तर पूर्वार्धात बार्टोकचं ‘कॉन्ट्रास्ट्स’ ठेवता येतं. त्यात क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि पियानो आहेत. पण ते ठरलं की लगेच लिहून ठेवा: शेवटच्या भागाच्या सुरुवातीला व्हायोलिनच्या दोन तारा मुद्दाम वेगळ्या लावलेल्या असतात, म्हणून व्हायोलिनवादक दोन व्हायोलिन घेऊन बसतो, आणि क्लॅरिनेटवादकालाही ए आणि बी फ्लॅट अशी दोन क्लॅरिनेट लागतात. दुसरं व्हायोलिन ठेवायला कापड अंथरलेलं बुटकं टेबल आणि क्लॅरिनेटसाठी खुंटीचा स्टँड मंचावर असायला हवा. ऐन वेळी कुणीतरी व्हायोलिन जमिनीवर ठेवतं आणि मग शेजारच्याचं सगळं लक्ष आपल्या पायाकडे जातं.

करारपत्राबद्दल फार लिहीत नाही. मानधन किती, कधी मिळणार, प्रवास कोणाकडे, ध्वनिमुद्रण करायचं का आणि ते कुठे वापरणार, कोणत्या कारणाने कोण रद्द करू शकतं, एवढं एका पानात लिहा. चेलो विमानाने येणार असेल तर त्याचं स्वतंत्र तिकीट लागतं हे हिशोबात धरा. आणि मानधन त्याच संध्याकाळी, मैफल संपल्यावर, न मागता द्या.

आजारपणाचा विचार मात्र आधीच करून ठेवा. क्वार्टेटमधला एक जण पडला तर ऐन वेळी चौथा आणून रात्रीत क्वार्टेट बसत नाही. पण उरलेल्या तिघांकडे स्वतःचं मोठं संगीत आहे, हे बऱ्याच आयोजकांच्या लक्षात येत नाही. व्हायोलिनवाल्यांपैकी एक नसेल तर व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो मिळून बीथोवनचे ओपस 9मधले त्रिकूट वाजवू शकतात, किंवा मोझार्टचं डायव्हर्टिमेंटो, के. 563 (हा मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), जे एकटंच पाऊण तासाचं आहे आणि माझ्या लेखी कुठल्याही क्वार्टेटच्या तोडीचं आहे. चेलो नसेल तर दोन व्हायोलिन आणि व्हायोलासाठी द्वोर्झाकचं ‘टेर्झेट्टो’ आहे, कोदायचं ‘सेरेनेड’ आहे. व्हायोलाच नसेल तर अवघड जातं. पियानोवादक हाताशी असेल तर पियानो ट्रिओकडे, म्हणजे पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्या रचनांकडे, वळायचं. आमंत्रणाच्या पत्रव्यवहारातच हळूच विचारून ठेवा की यातलं तुमच्या बोटांवर काय आहे. मैफल रद्द झाल्याची पाटी लावण्यापेक्षा तिघांची मैफल केव्हाही चांगली, आणि श्रोते ती विसरत नाहीत.

मंच

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवावा.

खुर्च्यांपासून सुरुवात करा. हात नसलेल्या, सपाट आणि टणक बैठकीच्या, पुढची कड उचललेली नसलेल्या चार सारख्या खुर्च्या. ऑफिसातल्या किंवा सभागृहाच्या गुबगुबीत खुर्च्यांची बैठक मागे उतरती असते. तिच्यावर बसून चेलोवादक तासभर वाजवू शकत नाही, कंबर आणि उजवा खांदा दोन्ही भरून येतात. पुष्कळ चेलोवादकांना उंची कमी-जास्त करता येणारं पियानोचं स्टूल आवडतं, तेव्हा एक जादा ठेवा. चेलोच्या खालची अणकुचीदार सळई लाकडी फळीत रोवली जाते. मंचाला भोकं पडलेली चालणार नसतील तर आधी सांगा, म्हणजे ते खुर्चीच्या पायाला अडकवायचा पट्टा आणतील. गुळगुळीत फरशीवर दुसरा इलाज नाही. काही गट उभे राहून वाजवतात. इमर्सन क्वार्टेटने 2002पासून तसंच केलं. मग बसलेल्या चेलोवादकासाठी छोटा चौथरा लागतो, नाहीतर तो बाकी तिघांच्या कोपरांच्या पातळीवर राहतो.

कोण कुठे बसणार हेही विचारा. बाहेरच्या बाजूला कुठे व्हायोला असते, कुठे चेलो. काही जण दोन्ही व्हायोलिन समोरासमोर बसवतात. काही गटांत दोन्ही व्हायोलिनवादक रचनेनुसार जागा बदलतात, त्यामुळे पत्रिकेत ‘पहिलं व्हायोलिन’ म्हणून एकच नाव छापून टाकू नका. जागा पक्क्या झाल्या की खुर्च्यांच्या आणि स्टँडच्या पायांपाशी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा. मध्यंतरात पियानो हलवला की या खुणांवाचून काही खरं नसतं.

प्रकाश वरून आणि थोडा पुढून हवा. चौघांच्या पानांवर सारखा पडला पाहिजे आणि कुणाच्याही डोळ्यांत जाता कामा नये. हे तपासायचा एकच मार्ग आहे: प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसायचं, स्टँडवर छापील पान ठेवायचं आणि मान वर करून समोरच्या खुर्चीकडे बघायचं. तिथे बसलेल्याचा चेहरा दिसतो का? चौघंही एकमेकांच्या भुवया बघून निघतात. डोळ्यांवर दिवा आला तर ते निघणं अडखळतं.

हवेतला ओलावा साधारण 40 ते 60 टक्क्यांच्या मध्ये राहिला तर लाकूड आणि तारा दोन्ही शहाण्यासारखी वागतात. थंड हवेचा झोत मंचावर थेट येत असेल तर तो बंद करा किंवा वळवा. पानंही उडतात आणि सूरही हलतात. दिवे मैफलीच्या बरेच आधी पूर्ण लावून ठेवा. पियानो जुळवणाऱ्याने त्याच उजेडात, त्याच उबेत काम करायला हवं आणि मध्यंतरात पुन्हा एकदा कान लावून जायला हवं. पियानो 440वर आहे की 442वर (ए सुराची कंपनसंख्या, हर्ट्झमध्ये), हे पाहुण्यांना आदल्या आठवड्यात कळवा. क्लॅरिनेट तापलं की सूर चढतो, तारवाद्यं आपला सूर हलवू शकतात, पियानो मात्र हलत नाही. म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडेच यायचं असतं.

पियानोचं झाकण किती उघडायचं यावरून वाद होतात. तारवाद्यांवर आवाज चढतो म्हणून झाकण अर्धवट टेकवायची जुनी सवय आहे. माझा अनुभव असा की पूर्ण उघडं झाकण आणि ऐकून वाजवणारा पियानोवादक हेच सगळ्यात स्वच्छ लागतं. अर्ध्या झाकणाने आवाज फारसा कमी होत नाही, मळकट मात्र होतो. पण तुम्ही ठरवू नका. दोन्ही करून बघा, तेवढा वेळ पियानोवादकाला खाली हॉलमध्ये बसवा आणि कुणाला तरी पियानोवर चार ओळी वाजवायला सांगा.

तालमीत वादक थांबून हॉलकडे बघतात आणि विचारतात, ‘बॅलन्स कसा आहे?’ त्या वेळी तिथे तुम्ही असलं पाहिजे, आणि ‘छान आहे’ हे उत्तर नव्हे. शूबर्टच्या दोन चेलोंच्या क्विंटेटमधला अदाजिओ घ्या. मधले तिघं लांब, संथ सूर धरून असतात. वर पहिलं व्हायोलिन तुटक तुटक बोलतं आणि खाली दुसरा चेलो बोटाने तार छेडतो. रिकाम्या हॉलमध्ये ते छेडणं घुमतं आणि सगळ्यांना भरपूर वाटतं. हॉल भरला की माणसं आणि त्यांचे कपडे नेमका तो घुमार शोषून घेतात. मग मागच्या रांगेत मधलं धुकं तेवढं पोचतं, खालची पावलं पोचत नाहीत. म्हणून मी शेवटच्या रांगेत जाऊन बसते आणि एवढंच सांगते: ‘दुसऱ्या चेलोची पिझिकाटो मला इथे ऐकू येते, पण प्रत्येक सुराची सुरुवात नाही.’ पुढे काय करायचं ते त्यांना कळतं. कुणी किती जोरात वाजवावं हे सांगायचा आपल्याला अधिकार नाही. काय ऐकू आलं ते मात्र नेमकं सांगायचं. रचनेतली कोणती जागा, कोणतं वाद्य, कोणती रांग.

पानं उलटणारा माणूस

पियानो असलेल्या प्रत्येक मैफलीसाठी हा माणूस वादकांइतक्याच काळजीने निवडा. तारवाद्यं वाजवणाऱ्यांसमोर फक्त आपापल्या वाद्याची ओळ असते. पियानोवादकासमोर सगळ्यांच्या ओळी छापलेल्या असतात, म्हणून पानं कितीतरी जास्त, आणि हात रिकामा नेमका नसतोच.

त्याला नोटेशन वाचता आलंच पाहिजे. नुसतं मान हललेली बघून पान उलटणारा कधी ना कधी फसतो, कारण वादक संगीतासाठीही मान हलवतात. त्याने पियानोवादकाच्या डाव्या बाजूला, किंचित मागे बसायचं. पान संपायच्या दोन ओळी आधी सावकाश उठायचं, डाव्या हाताने उजव्या पानाचा वरचा कोपरा चिमटीत धरून ठेवायचा आणि वेळ आली की एका हालचालीत उलटून लगेच खाली बसायचं. हात पियानोवादकाच्या डोळ्यांसमोरून जाता कामा नये. सैल बाही नको, हातात वाजणारं काही नको. पुनरावृत्तीसाठी मागे यायचं असेल त्या पानांवर आधी चिकटचिठ्ठ्या लावून घ्यायच्या आणि पियानोवादकासोबत एकदा सगळी पानं कोरडी, न वाजवता, उलटून बघायची. ‘किती आधी उलटू?’ हे प्रत्येकाला नव्याने विचारायचं. काही जण ओळभर पुढे वाचतात, काहींना शेवटचा सूर होईपर्यंत पान हवं असतं.

आता पुष्कळ वादक टॅबलेट आणि पायाखालचं पेडल वापरतात. त्यांना विचारून मंचाजवळ चार्जिंगची सोय ठेवा आणि छापील प्रत पडद्यामागे तयार ठेवा. टॅबलेटवर वरचा दिवा चमकत नाही ना, हेही त्या खुर्चीवर बसूनच कळतं.

मैफलीची वेळ

विश्रांतीच्या खोलीत पाणी, आरसा, घड्याळ, सरळ खुर्च्या, वाद्यांच्या पेट्या उघड्या ठेवता येतील असं लांब टेबल, आणि शांतता. दार लागू द्या. मैफलीआधी कौतुक करायला कुणाला आत सोडू नका, अध्यक्षांनाही नाही. वेळेची सूचना एकाच माणसाने द्यावी: पंधरा मिनिटं, पाच मिनिटं, चला.

वादकांपैकी कुणी रचनेबद्दल बोलणार असेल तर दोन मिनिटं ठरवून घ्या, आणि पत्रिकेत छापलेलं पुन्हा सांगू नका अशी विनंती करा. बार्टोकच्या चौथ्या क्वार्टेटमध्ये एक पूर्ण मूव्हमेंट फक्त बोटांनी छेडून वाजवायची आहे. तिथे तार इतकी ओढायची असते की ती वाद्याच्या मानेवरच्या पट्टीवर आपटते. हा एक आघात करून दाखवला तर कधीही बार्टोक न ऐकलेला माणूसही सरसावून बसतो.

दोन मूव्हमेंटच्या मध्ये टाळ्या पडल्या तर पडू द्या. नव्या श्रोत्याला ‘शू’ करणारा जुना श्रोता मला अजिबात आवडत नाही, आणि हे मी आमच्या वर्गणीदारांना तोंडावर सांगितलेलं आहे. वादकांनाही विचारून बघा. क्वचितच कुणाची हरकत असते.

पुन्हा बोलावताना

मैफलीनंतर आठवड्याच्या आत पत्र लिहा. आभाराच्या दोन ओळी, त्या संध्याकाळी तुम्हाला काय ऐकू आलं त्याबद्दल एक नेमकं वाक्य, आणि तिसऱ्या परिच्छेदात पुढचं आमंत्रण, वर्षासकट. लगेचच्या हंगामात नको, एखादा हंगाम सोडून. तोवर श्रोत्यांना त्यांची आठवण राहते आणि त्यांच्याकडे नवीन काही तयार होतं.

जमल्यास एखादा लांबचा बेत सुचवा. बीथोवनचे सगळे क्वार्टेट साधारणतः सहा मैफलींत बसतात, बार्टोकचे सहा दोन संध्याकाळींत. पण मला त्याहून आवडतो तो संथ बेत: एकाच गटाने हायडनच्या ओपस 76मधल्या सहा रचना दर भेटीला एक अशा वाजवायच्या, शेजारी त्यांना हवं ते ठेवायचं. हायडनने अडुसष्ट क्वार्टेट लिहिले आणि बहुतेक मालिकांत त्यातले पाच-सहाच फिरून फिरून येतात. असा बेत असला की वादक बाकी तारखा त्याभोवती बसवतात.

गटातला माणूस बदलला की काय करायचं, हा प्रश्न लांब चालणाऱ्या मालिकेला कधीतरी पडतोच. काही गट बदल मान्य करत नाहीत. अमाडेयस क्वार्टेटने 1987मध्ये व्हायोलावादक पीटर शिडलॉफ गेल्यावर चौथा शोधला नाही, वाजवणंच थांबवलं. उलट बोरोदिन क्वार्टेट 1945पासून माणसं बदलत चालत आला आहे. आपण दोन्हींचा मान ठेवायचा. नवीन माणूस आला असेल तर ठरलेली तारीख रद्द करू नका, पण कार्यक्रम बदलायची मोकळीक स्वतःहून द्या. नव्या व्यक्तीला घेऊन पहिल्याच वर्षी ओपस 131 वाजवायचा ताण त्यांच्यावर येता कामा नये. त्याऐवजी दोन व्हायोलांचा मोझार्ट क्विंटेट सुचवा आणि पाचवा वादक त्यांनाच निवडू द्या. नवा माणूस अशा संगीतात चटकन मिसळतो.

हे सगळं त्या नोंदवहीत लिहीत जा. तारीख, रचना आणि नावं तर हवीतच. त्यांच्या खाली कोण कुठे बसलं, चेलोला कोणतं स्टूल लागलं, पियानोचं झाकण किती उघडलं होतं, पानं कोणी उलटली, पुनरावृत्ती घेतल्या का, आणि जाताना दारात उभं राहून त्यांनी ‘पुढच्या वेळी हे वाजवू या’ म्हणून कशाचं नाव घेतलं.